काळ्या दगडात तांबं का निघत नाही? (सोलापूर ते रायचूर, रेल्वेच्या खिडकीतून)

मागच्या उन्हाळ्यात मामाचा फोन आला. अक्कलकोट तालुक्यात त्याची जिरायत जमीन आहे आणि विहीर खोल करायचं काम चालू होतं. "अरे, हिरवा दगड लागलाय. तांबं हाय म्हणत्यात सगळे. तू ये की लगेच."

गेलो. विहिरीच्या कडेला सुरुंगाने फोडलेल्या काळ्या दगडांचा ढीग पडलेला. त्या दगडांत वाटाण्याएवढी, कुठे लिंबाएवढी भोकं आणि भोकांच्या आत हिरवंगार अस्तर. काही भोकांत पांढरे चमकणारे खडे. दिसायला खरंच देखणं. तोवर फोटो चार व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरून आले होते: "अक्कलकोट तालुक्यात तांब्याची खाण सापडली." खाली हात जोडलेले, पेढे भरवणारे इमोजी.

गंमत इथवरच होती. तिसऱ्या दिवशी एक इसम मोटरसायकलवरून आला. म्हणाला, "लॅब टेस्ट करून देतो, खाणीची नोंदणी करून देतो, पस्तीस हजार द्या. कंपनी एकरी लाखांत भाडं देईल." मामाने यारीवाल्याला द्यायला पैसे बाजूला ठेवलेले होते, नेमके तेवढेच. मामा अडाणी नाही. बारावी शिकलाय, बाजारभाव तोंडपाठ आहेत. पण तीन वर्षं विहिरीने तळ दाखवल्यावर माणूस कशावरही विश्वास ठेवायला तयार होतो.

मी दोन दगड पिशवीत घालून सोलापूरला आणले आणि भूगर्भशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या माझ्या जुन्या मास्तरांच्या घरी गेलो. त्यांनी हिरवा भाग चाकूने खरवडला. खडूसारखी पूड पडली. ती पूड ॲसिडात टाकली, थोडा वेळ ठेवली आणि त्यात घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा बुडवला. "यात तांबं असेल तर खिळ्यावर लाल थर चढेल," म्हणाले. चहा झाला. खिळा होता तसाच होता.

हिरव्याचं नाव सेलाडोनाइट. त्याला हिरवा रंग तांब्यामुळे येत नाही, लोखंडामुळे येतो. लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूंचे बुडबुडे अडकतात, त्यांची ही भोकं. नंतर लाखो वर्षं कोमट पाणी दगडातून झिरपलं आणि भोकांच्या भिंतींना असं अस्तर देऊन गेलं. पांढरे खडे झिओलाइट गटातले. जळगाव, नाशिक, पुण्याकडचे असे खडे जगभरच्या म्युझियममध्ये काचेत ठेवलेत. म्हणजे मामाच्या दगडाला शोकेसमध्ये जागा आहे, खाणीत नाही.

मी विचारलं, "सर, पण का नाही? एवढा दगड आहे, एवढा लाव्हा आला. तांबं आमच्याच वाट्याला का नाही?"

मास्तर म्हणाले, "तांबं आहे की. काळ्या दगडाच्या एका टनात शंभर-दोनशे ग्रॅम तांबं असतंच. पण खाण परवडायला टनामागे निदान पाच किलो लागतं. तुझ्या मामाच्या रानात तांबं आहे, ते कुणी गोळा केलेलं नाही, एवढंच."

मंडळी, आजची पोस्ट या "गोळा करण्या"वर आहे. कारण खनिजाचा सगळा इतिहास हा धातू असण्याचा नसून धातू एका जागी गोळा होण्याचा इतिहास आहे.

निसर्ग धातू गोळा करतो त्या जुन्या कारखान्यांपैकी एकाचं नाव स्कार्न. शब्द स्वीडिश खाणकामगारांचा. लोखंडाच्या खनिजाभोवती जो कठीण, बिनकामाचा दगड निघायचा त्याला ते स्कार्न म्हणत, आपण गाळसाळ म्हणतो त्या चालीवर. टर्नेबोम नावाच्या भूशास्त्रज्ञाने १८७५ मध्ये पेर्सबेरीच्या खाणींबद्दल लिहिताना तो शब्द शास्त्रात आणला. आपल्या दगडाला पुस्तकात "डेक्कन ट्रॅप" म्हणतात, त्यातला ट्रॅपही मूळचा स्वीडिशच; त्याचा अर्थ पायऱ्या. सह्याद्रीच्या कड्यांना पायऱ्या दिसतात ना, त्या.

स्कार्न कसा तयार होतो ते समजायला विड्याचं पान घ्या. चुना पांढरा, कात तपकिरी. दोघं वेगवेगळे असताना तोंड लाल होत नाही. ते भेटतात तिथे रंग येतो. स्कार्नमध्ये चुन्याच्या जागी चुनखडी आणि काताच्या जागी जमिनीखाली काही किलोमीटर खोल घुसलेला तापलेला शिलारस. हा शिलारस थंड होऊन ग्रॅनाइटसारखा दगड होत असताना त्यातून गरम, खारट, आम्लयुक्त पाणी बाहेर पडतं. त्या पाण्यात तांबं, लोखंड, जस्त, टंगस्टन विरघळलेलं असतं. हे पाणी चुनखडीत शिरलं की चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, कॅल्शियम आणि सिलिका एकत्र येतात आणि नवीन खनिजं जन्मतात. गार्नेट, पायरॉक्सिन, वोलास्टोनाइट. राहूसाठी अंगठीत जो गोमेद घालतात ना, तो कॅल्शियमवाला गार्नेटच. असल्याच भाजलेल्या चुनखडीच्या दगडांत तयार होणारा.

यात क्रम असतो. शिलारसाच्या जवळ गार्नेट, थोडं लांब पायरॉक्सिन, अगदी कडेला वोलास्टोनाइट आणि त्यापलीकडे भाजून संगमरवर झालेली चुनखडी. शोधणारे लोक गार्नेटचा रंग बघत बघत आपण उगमाच्या जवळ चाललोय की लांब, हे ओळखतात. धातू मात्र बहुतेक वेळा नंतर येतात. सगळं जरा निवल्यावर चुनखडी त्या पाण्याचं आम्ल मारते, आणि आम्ल मेलं की पाण्याला धातू धरून ठेवता येत नाही. जिथे भेट, तिथेच साका. तांबं साधारण आत, जस्त-शिसं बाहेरच्या बाजूला. विखुरलेला धातू असा काही मीटरच्या पट्ट्यात येऊन साठतो.

या पट्ट्यांनी माणसांचं नशीब फिरवलंय. उरल पर्वतातला माग्नितनाया डोंगर म्हणजे लोखंडाचा स्कार्न. होकायंत्र वेडं व्हायचं इतका चुंबकीय. त्याच्या पायथ्याशी सोव्हिएत सरकारने माग्नितोगोर्स्क हे अख्खं पोलादाचं शहर उभं केलं, १९३२ साली पहिलं लोखंड निघालं. न्यू गिनीच्या डोंगरात डोझी नावाच्या डच भूशास्त्रज्ञाला १९३६ मध्ये काळा कडा दिसला, तांब्याने भरलेला. त्याने नाव दिलं एर्त्सबर्ग, म्हणजे खनिजाचा डोंगर. अहवाल छापला, लगेच महायुद्ध लागलं आणि तो कागद वीस वर्षं लायब्ररीत धूळ खात पडला. पुढे कुणाच्या तरी हाती लागला आणि खाण सुरू झाली. आज तिथे डोंगर नाही, खड्डा आहे. पेरूमध्ये ४००० मीटरहून उंचावर अँतामिना आहे, तांबं आणि जस्त दोन्ही देणारा स्कार्न, जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक.

आता सोलापूरकरांचा प्रश्न. चुनखडी, शिलारस, ग्रॅनाइट. यातलं आपल्याकडे काय नाही?

गंमत अशी की सगळं आहे. बघायला तिकीट काढून रायचूरची गाडी पकडा. रेल्वे सोलापुरात १८६० ला आली, पुढे १८७१ मध्ये रायचूरला मद्रासकडून येणाऱ्या लाइनला जोडली गेली. अडीचशे किलोमीटरच्या आसपासचा हा प्रवास म्हणजे पृथ्वीच्या इतिहासाची मागे मागे उलटत जाणारी पानं आहेत. लोक गाणगापूरला जाताना यातला काही रस्ता करतातच, पण खिडकीबाहेर बघतो कोण!

सोलापूर, होटगी, अक्कलकोट रोड, दुधनी. इथपर्यंत काळी जमीन, काळा दगड. आपला भुईकोट ज्या दगडाचा, तोच हा बेसाल्ट. वय साधारण ६.६ कोटी वर्षं. हा लाव्हा जमिनीच्या भेगांतून वर आला आणि थरावर थर पसरत गेला. किती जाड? याचं उत्तर आपल्याला एका वाईट दिवसाने दिलं. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारी. भूकंपानंतर जमिनीखाली काय आहे ते बघायला हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. ३३८ मीटरपर्यंत बेसाल्ट लागला, त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळाचा थर आणि मग थेट जुना ग्रॅनाइटी दगड. सोलापूरपासून शंभर किलोमीटरच्या आत ही जागा आहे. म्हणजे आपण सगळे एका जुन्या दगडाच्या डोक्यावर घातलेल्या काळ्या घोंगडीवर राहतो.

कलबुर्गी मागे टाकली की घोंगडीची कड येते. शहाबाद, वाडी. रुळाच्या दोन्ही बाजूंना करड्या फरशीच्या खाणी. हीच आपली शहाबादी! सोलापुरातल्या चाळी, वाडे, स्वयंपाकघरातला ओटा, मंगल कार्यालयाचं अंगण, सगळं हिने झाकलंय. ही चुनखडी, भीमेच्या खोऱ्यातली. उथळ समुद्राच्या तळाशी पापुद्र्यासारखी साचलेली, म्हणून छिन्नी लावली की सरळ फाटते. इकडच्या सिमेंट कारखान्यांचं पोटही हिच्यावरच. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७६ मध्ये दक्षिण मराठा मुलखाच्या भूगर्भावर ग्रंथ लिहिला, त्यात या भीमा थरांची दखल घेतलीय. हे तेच फूट, ज्यांना १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला अश्मयुगीन हत्यार सापडलं होतं.

वाडी सुटली, यादगीर आलं की बाहेरचं चित्र पुन्हा बदलतं. गुलाबी-करड्या धोंड्यांचे डोंगर, एकावर एक रचून ठेवल्यासारखे. हा ग्रॅनाइट. वय सुमारे २५० कोटी वर्षं.

म्हणजे एकाच लाइनवर ग्रॅनाइट आहे, त्याला टेकलेली चुनखडी आहे आणि त्यावर येऊन पसरलेला लाव्हाही आहे. चुना, कात, सुपारी, सगळं ताटात. तरी विडा का रंगला नाही?

वेळ चुकली म्हणून.

यादगीरचा ग्रॅनाइट आणि शहाबादची फरशी यांची भेट झाली खरी, पण ग्रॅनाइट थंड होऊन, उघडा पडून, झिजून गेल्यावर मग कधीतरी समुद्र त्याच्यावर आला आणि चुनखडी साचली. भाकरी टाकायची तर तवा तापलेला लागतो. इथे तवा कधीचा गार झाला होता. स्कार्नमध्ये क्रम उलटा हवा. आधी चुनखडी, मग तापलेला शिलारस.

मग तुम्ही म्हणाल, आपला लाव्हा तर चुनखडीच्या नंतर आला, तोही तापलेला. बरोबर. पण तो उघड्यावर पसरला. वरून हवा लागली, थर निवाले. ज्या थराला तो टेकला तो फार तर वरवर भाजला. स्कार्नला काही किलोमीटर खोलीचं दडपण लागतं, हजारो वर्षं पुरणारी धग लागते आणि मुख्य म्हणजे शिलारसातून निघणारं ते खारट गरम पाणी लागतं. उघड्या कढईत वाफेवरची भाजी होत नाही. झाकण लागतं.

गरम पाण्याने या चुनखडीत कधीच काही आणून टाकलं नाही, असं मात्र नाही. यादगीर जिल्ह्यातच गोगी नावाचं गाव आहे. तिथे एका भ्रंशरेषेवर ग्रॅनाइट आणि चुनखडी एकमेकांना घासून उभे आहेत आणि त्या भेगेत युरेनियम साठलंय. अणुखनिजं शोधणाऱ्या सरकारी खात्याने ते शोधलं. ते स्कार्न नव्हे, तिथे तेवढी धग नव्हती. पण धडा तोच: धातू गोळा होतो तो दोन वेगळे दगड भेटतात त्या शिवेवर.

याच लाइनने रायचूरला उतरून लिंगसूगुरकडे गेलात तर हट्टी लागेल. देशातली आज चालू असलेली मोठी सोन्याची खाण, कोलार २००१ मध्ये बंद पडल्यापासून तर हिचंच नाव. तिथलं सोनं स्कार्नमधलं नाही, जुन्या हिरवट दगडांना चिरत गेलेल्या गारगोटीच्या शिरांतलं आहे. गारगोटी आणि सोनं दोन्ही आणून टाकलं ते पुन्हा गरम पाण्यानेच. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी तिथे शेकडो फूट खोल खणून सोनं काढलं होतं. ना डायनामाइट, ना पंप. आग लावून दगड तापवायचा, मग फोडायचा. पुढे निजामाच्या काळात इंजिनिअर आले ते हे जुने खड्डे बघूनच.

त्याच परिसरातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९१५ मध्ये सी. बीडन नावाचे सोन्याच्या खाणीतले इंजिनिअर मस्कीच्या डोंगराळ भागात सोन्याच्या शोधात फिरत होते. त्यांना एका खडकावर अक्षरं दिसली. तो निघाला अशोकाचा शिलालेख. तोवरच्या लेखांमध्ये राजा स्वतःला "देवानांप्रिय", "प्रियदर्शी" म्हणवायचा. हा प्रियदर्शी म्हणजेच अशोक, हे विद्वानांनी इतर ग्रंथांवरून जुळवलेलं होतं. मस्कीच्या दगडावर सरळ नाव होतं: अशोक. सोनं शोधायला गेलेल्या माणसाने देशाचा सम्राट शोधून दिला.

महाराष्ट्रात मग धातू कुठेच नाही का? आहे, पण जिथे काळी घोंगडी संपते तिथे. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली आणि इकडे कोकणाचा दक्षिण भाग. स्कार्नच्या चेहऱ्यामोहऱ्याशी सगळ्यात जवळचं काही बघायचं तर नागपूर-भंडाऱ्याचा मँगनीज पट्टा. संगमरवर आहे, गार्नेट आहे, गुलाबी ऱ्होडोनाइट आहे. पण इथे मँगनीज आधी समुद्राच्या तळाशी गाळात साचलं, मग तो गाळ खोल दबून भाजला. फर्मोर यांनी १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीजवर जाडजूड ग्रंथ लिहिला. तिथल्या गार्नेट आणि गारगोटीच्या दगडाला त्यांनी नाव दिलं गोंडाइट, तिथल्या गोंडांवरून. जगातल्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत आपल्या एका आदिवासी समाजाचं नाव असं कोरलं गेलं. खनिज मात्र जहाजाने परदेशी गेलं. १८९६ ची इंग्रजी कंपनी होती. १९६२ मध्ये सरकार भागीदार झालं, तीच आजची मॉईल.

आता मुद्द्याचं. आपल्या भागात दर एक-दोन वर्षांनी कुठेतरी "खाण" सापडते. कधी विहिरीत हिरवा दगड, कधी बोअरच्या भुकटीत चमचम, कधी शेतात काचेसारखे खडे. मागोमाग मोटरसायकलवरचा इसम येतोच. म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक, सोलापूर जिल्ह्याच्या काळ्या दगडात धातूची खाण व्हावी असा "विडा" जुळलेलाच नाही. का, ते वर सांगितलं.

दोन, समजा काही निघालंच, तरी जमिनीखालच्या खनिजावर हक्क सरकारचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम ४८. तांब्यासारख्या मोठ्या खनिजाचा पट्टा १९५७ च्या खाण कायद्याखाली मिळतो आणि २०१५ च्या दुरुस्तीपासून तो लिलावानेच मिळतो. कुणीही इसम पस्तीस हजारांत "नोंदणी" करून देऊ शकत नाही.

तीन, शंका असेल तर दगड घेऊन राज्याच्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाकडे विचारा, नाहीतर जवळच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारे कुणी असतील त्यांना दाखवा. माझ्या मास्तरांनी एक खिळा आणि एक कप चहा एवढ्यात काम केलं.

चार, आपल्या दगडातला खरा खजिना पाणी आहे. लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये, भेगाळलेल्या आणि भोकाळलेल्या दगडात ते मुरतं. अखंड काळ्या पाषाणात हजार फूट बोअर मारून ते मिळेलच असं नाही. तांब्याच्या आशेने जे लोक येतात, त्यापेक्षा जास्त लोक या बोअरपायी कर्जात गेलेत. दगड वाचता आला तर दोन्ही टळतं.

मामाला फोन करून सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हंजे आपल्याकडं सगळं हाय, पर टायमिंग चुकलं म्हण की." मी म्हटलं, "अगदी तसंच, मामा." पस्तीस हजार यारीवाल्याला गेले. मास्तरांनी एक गोष्ट सांगून ठेवली होती: हा भोकाळलेला हिरवा दगड म्हणजे थराचा वरचा भाग, त्यात पाणी फिरायला वाट असते, आणखी थोडं खाली जाऊन बघा. पाच फूट खाली गेल्यावर पूर्वेच्या अंगाने पाझर लागला. फार नाही, पण कडब्यापुरतं आणि जनावरांपुरतं भागलं.

हिरवा दगड आता मामाच्या घरी टीव्हीच्या शेजारी ठेवलाय. पाहुण्यांना सांगतो, "लाव्हारसातला हाय, सहा कोटी वर्सं जुना." तुमच्या विहिरीत असं काही निघालं असेल तर फोटो टाका, कुठल्या गावात आणि किती फुटांवर लागला तेही लिहा. मास्तर बघतो म्हणालेत.